नवी अवाढव्य जहाजं येत असताना क्रूझ कंपन्या ३०-३५ वर्षांची जुनी जहाजं का ठेवतात?

तुम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीतले, आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून मुंबई-गोवा क्रूझ ठरवताय, आणि जहाज १९९० सालचं आहे हे कळल्यावर घरात सगळ्यांच्या पोटात गोळा आला. एवढं जुनं जहाज कंपनी भंगारात का काढत नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी कळंबा रोडच्या आयटीआयचा टर्नर. उद्यमनगरातल्या कारखान्यांत चार वर्षं लेथवर काढली, मग फिटर म्हणून क्रूझ जहाजांवर गेलो आणि नऊ कॉन्ट्रॅक्टं केली. त्यातली सहा जुन्या जहाजांवर. त्यामुळे या विषयावर मनापासून लिहावंसं वाटतं.

आधी तुमच्याच जहाजाची कुंडली बघा. कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' फ्रान्समध्ये सँ-नाझेरच्या गोदीत बांधलं गेलं आणि १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने रॉयल कॅरिबियन या अमेरिकन क्रूझ कंपनीच्या ताफ्यात आलं. लांबी २११ मीटर. मायामीहून बहामा बेटांना तीन-चार रात्रींच्या फेऱ्या मारायच्या, याच कामासाठी त्याची आखणी झाली होती. म्हणजे आज मुंबईहून ते जे करतं, ते त्याचं जन्मापासूनचं काम आहे. २००८ मध्ये ते पुलमांतूर या स्पॅनिश कंपनीकडे गेलं. आणि २०१६ मध्ये रॉयल कॅरिबियनने ते परत घेतलं!

हे परत घेणं नीट समजून घ्या, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. त्याच वर्षी याच कंपनीचं 'हार्मनी ऑफ द सीज' सुरू झालं, तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं क्रूझ जहाज. तरीही कंपनीने २६ वर्षांच्या या जहाजावर पैसा ओतला. त्याचं स्वयंपाकघर नव्याने उभारावं लागलं, त्यात वेळ गेला, काही फेऱ्या रद्द कराव्या लागल्या, तरी मागे हटले नाहीत. कारण अमेरिकेहून निघणाऱ्या क्रूझना क्यूबाचा दरवाजा उघडत होता आणि तिथल्या हवानाच्या जुन्या बंदरात अवाढव्य जहाज लावणं शक्यच नव्हतं. एप्रिल २०१७ मध्ये रॉयल कॅरिबियनचं पहिलं जहाज हवानाला लागलं ते हेच.

मोठ्या जहाजाची अडचण त्याच्या मोठेपणातच असते. २०२४ मध्ये आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' ३६५ मीटर लांब आहे, एका खोलीत दोघं धरली तरी ५,६१० प्रवासी. खर्च साधारण दोन अब्ज डॉलर. ते दर आठवड्याला भरलंच पाहिजे, आणि एवढी माणसं एकदम उतरवू शकेल अशी बंदरं मोजकीच. अमेरिकेत टँपा बंदराच्या वाटेवर एक पूल आहे, त्याच्या खाली जेमतेम ५५ मीटर उंचीची मोकळी जागा. नवी उंच जहाजं तिथून जाऊच शकत नाहीत, म्हणून टँपाहून निघणाऱ्या फेऱ्या जुन्या, बुटक्या जहाजांच्याच वाट्याला येतात. ग्रीसचा कॉरिंथ कालवा तर त्याहून बिकट. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'ब्रेमार' नावाचं १९९३ चं जहाज त्यातून गेलं. जहाजाची रुंदी साडेबावीस मीटर, कालवा अरुंद ठिकाणी २४ मीटर. दोन्ही बाजूंना हाताच्या अंतरावर उभा कडा. ते बघायला लोकांनी पैसे मोजले. नव्या जहाजावर कितीही घसरगुंड्या बसवल्या तरी हा प्रवास त्यांना विकता येत नाही.

आपल्याकडे लक्षद्वीपचंच घ्या. जहाज लांब नांगर टाकून उभं राहतं आणि प्रवासी छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जातात. दीड हजार माणसं अशी नेता-आणता येतात. सहा हजार नेली तर शेवटचा माणूस बेटावर पोहोचेपर्यंत पहिल्याची परत यायची वेळ होईल.

दुसरा हिशेब कर्जाचा. उद्यमनगरात कोणीही कारखाना टाकतो तेव्हा पहिल्या दिवशी संगणकावर चालणारं महागडं सीएनसी यंत्र घेत नाही. जुना एचएमटी लेथ घेतो, त्यावर गिऱ्हाईक जोडतो, बाजार बघतो. क्रूझवाले तेच करतात. जुन्या जहाजाचं कर्ज फिटलेलं असतं, म्हणून तीन रात्रींचं तिकीट पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला परवडेल अशा दरात देता येतं, आणि नवा मार्ग फसला तरी कंपनी बुडत नाही. भारतात क्रूझची सवय आत्ता कुठे लागतेय. म्हणूनच कॉर्डेलियाने पुढच्या जहाजांसाठी नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीशी करार केला, तोही १९९९ चं 'स्काय' आणि २००१ चं 'सन' भाड्याने घेण्याचा. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

आता इंजिनरूमकडे येतो. बऱ्याच नव्या जहाजांना अ‍ॅझिपॉड असतात, म्हणजे पंख्याची मोटर जहाजाच्या पोटाखाली बाहेर लटकलेली. यंत्र उत्तम, तेल वाचतं, जहाज जागच्या जागी वळतं. पण आतलं बेअरिंग गेलं की बहुतेक वेळा ड्राय डॉकच, म्हणजे पाणी काढून जहाज कोरडं उभं करतात ती गोदी, गाठावा लागतो आणि फेऱ्या रद्द होतात. जुन्या पद्धतीत पंखा फिरवणारा लांब शाफ्ट, म्हणजे दांडा, जहाजाच्या आतून जातो. शाफ्ट टनेलमध्ये उतरायचं, बेअरिंगवर हात ठेवायचा, ऊब किती आहे ते तळव्याला कळतं. एकदा समुद्राच्या पाण्याच्या पंपाची शाफ्ट स्लीव्ह, म्हणजे दांड्यावरची नळी, झिजली. जुना पंप, कंपनीने बनवणं कधीच बंद केलेलं, पुढचं बंदर दोन दिवसांवर. जहाजावरच्या लेथवर रात्री दहाला ब्राँझचा गोळा लावला, पहाटे चारला स्लीव्ह बसवून पंप चालू केला. सकाळी वर प्रवासी नाश्ता करत होते, त्यांना काही कळलंही नाही. उद्यमनगरात मिस्त्रींनी कानाला धरून शिकवलेलं त्या रात्री कामाला आलं. माझ्यासारखी कितीतरी पोरं अशा जहाजांवरच तयार झाली. तालमीत वस्ताद स्वतः कुस्ती धरत नाही, पण तो नसेल तर नवा पैलवान घडत नाही. कंपनीच्या हिशेबात हे कुठे लिहिलेलं नसतं, तरी ताफा यावरही चालतो.

जुन्या जहाजाची खोडही सांगतो, ती लपवण्यात अर्थ नाही. इंजिनापेक्षा पाइप दगा देतात. तीस वर्षांत भिंतीमागच्या पाण्याच्या आणि संडासाच्या लाइनी आतून कुजतात, एक जोडली की शेजारची फुटते. एसी कुठे जास्त, कुठे कमी. तेल जास्त लागतं, आणि १ जानेवारी २०२० पासून धूर धुणारं यंत्र नसलेल्या जहाजाच्या इंधनात गंधक अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे तो खर्चही वाढला. खोल्या लहान, बाल्कनीवाल्या मोजक्याच.

म्हणून सगळीच जुनी जहाजं टिकत नाहीत. 'एम्प्रेस'च्याच वर्षी, १९९० मध्ये इटलीत आणखी एक जहाज जन्मलं, 'क्राउन प्रिन्सेस'. तेही फिरत फिरत २०१९ मध्ये मुंबईला आलं, 'कर्णिका' नावाने, जलेश क्रूझेसकडे. आकाराने 'एम्प्रेस'पेक्षा मोठं. कोविड आला, फेऱ्या थांबल्या, कंपनी बसली आणि २०२० च्या अखेरीस 'कर्णिका' गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेलं. त्याच सुमारास 'एम्प्रेस' विकलं गेलं आणि २०२१ मध्ये मुंबईहून चालू झालं. एकाच वयाची, एकाच बंदरातली दोन जहाजं. वयच ठरवणारं असतं तर दोघांचं नशीब सारखं झालं असतं. मागे पैसा आणि पुढे काम असेल तोवर जहाज चालतं. अलंगला गेलेल्या जहाजांचे फोटो मी अजून नीट बघू शकत नाही.

सुरक्षिततेचं विचाराल तर प्रवासी जहाजाचं प्रमाणपत्र जास्तीत जास्त १२ महिन्यांचं असतं, ते दरवर्षी तपासणी होऊनच मिळतं. पाच वर्षांत किमान दोनदा जहाज ड्राय डॉकला घेऊन तळ तपासतात. ज्यांच्या बांधणीत लाकूडफाटा आणि पेटणारा माल जास्त होता, अशी खूप जुनी जहाजं २०१० च्या सोलास या आंतरराष्ट्रीय जहाज-सुरक्षा नियमांनी आधीच बाहेर काढली. तेव्हा एजंटला जन्मसाल विचारू नका. शेवटचा ड्राय डॉक कधी झाला आणि त्यात काय बदललं, हे विचारा.

आई-बाबांसाठी खोली मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्या, तिथे डोलणं सर्वांत कमी जाणवतं. लिफ्टपासून किती लांब आहे तेही बघा. २११ मीटरच्या जहाजावर जेवणाच्या हॉलपर्यंत चालत जाणं साठीच्या माणसाला जमतं, हाही लहान जहाजाचा एक फायदाच. पावसाळ्यातली तारीख टाळा. कोल्हापूरहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली की सकाळी सीएसएमटी, तिथून जहाजाचा धक्का बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळच आहे. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, म्हणून मी असतो तर एक दिवस आधीच निघालो असतो.