बॅटरीचा डबा घेऊ का जनरेटर? वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कधी घालायचं यावर लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली ती वेगळ्याच विषयाची, की ते पॉवर स्टेशन म्हणतात ते घ्यावं का सरळ जनरेटर. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, सूटकेसएवढा डबा असतो, आत लिथियमची बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर सगळं एकत्र, बाहेर थ्री पिनचे सॉकेट आणि यूएसबी, उचलायचा आणि कुठंही न्यायचा. दुकानात ठेवून मी पण वापरून बघितलाय. चांगला आहे, पण सगळ्यांसाठी नाही. चार पत्रं घेतोय, बाकीची यातच आली असं समजा.

दादा, आमचं घर गावभागात, तळमजला आणि वर एक मजला. सासऱ्यांना रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं, पाच लिटरवालं. २०१९ च्या पुरात किती दिवस लाईट नव्हती ते तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा मशीन नव्हतं म्हणून निभावलं. दुकानदार म्हणतो हजारवालं पॉवर स्टेशन घ्या, रात्रभर चालतंय. आमचे हे म्हणतात जनरेटर आणून टाकू एकदाच. काय करू? (गावभाग, सांगली)

ताई, त्या दुकानदाराला एक रात्र तुमच्याकडं मुक्कामाला बोलवा, मग कळेल त्याला किती चालतंय ते.

डब्यावर दोन आकडे असतात आणि लोक त्यातच फसतात. वॅट म्हंजे एका वेळी किती ओढता येईल, आणि वॅट-अवर म्हंजे आत साठा किती. नळ दोन इंची आहे म्हणून टाकी मोठी असते का? तसंच हे. पाच लिटरचं मशीन साधारण ३०० ते ४०० वॅट घेतं (तुमच्या मशीनच्या मागं स्टिकर असेल त्यावर बघा), आपण ३५० धरू. आठ तासांचे झाले २८०० वॅट-अवर. डबा हजार वॅट-अवरचा, त्यातलं थोडं त्याचा स्वतःचा इन्व्हर्टरच खातो, हातात येतात साडेआठशेच्या आसपास. म्हंजे अडीच तास पण नाही. रात्री दहाला लाईट गेली तर साडेबाराच्या आत डबा बीप बीप करायला लागणार आणि सगळं घर उठून बसणार.

म्हणून आधी एक गोष्ट करा जिच्यात बॅटरी पण नाही आणि पेट्रोल पण नाही. डॉक्टरांना विचारून घरात एक भरलेला ऑक्सिजन सिलेंडर, रेग्युलेटरसकट, ठेवून द्या. बी टाईपच्या सिलेंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो, मिनिटाला २ लिटर लावला तर बारा-साडेबारा तास जातो, ५ लिटर लावला तर पाच तास. फ्लो डॉक्टर सांगतील तोच. आणि सिलेंडरजवळ देवाचा दिवा, उदबत्ती, बिडी काही नको, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. माणसाच्या श्वासाची गोष्ट एकाच वायरवर टांगून ठेवायची नसते, ती वायर कितीही महागाची असली तरी.

आता रोजच्या दोन-चार तासांच्या लाईट जाण्याला तुम्हाला ना डबा लागतो ना जनरेटर. आपला नेहमीचा इन्व्हर्टर घ्या, प्युअर साईनवेव्ह (म्हंजे लाईनसारखी स्वच्छ वीज देणारा), २४ व्होल्टचा, त्याला १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या. कागदावर ३६०० वॅट-अवर होतात (१२ व्होल्ट गुणिले १५० एएच, अशा दोन), पण शिशाची बॅटरी पार खाली न्यायची नसते, नाहीतर लवकर मरते, त्यामुळं खरे दोन हजार धरा. मशीन एकटं पाच-साडेपाच तास जाईल. तेवढ्याच साठ्याच्या लिथियमच्या डब्याला दुप्पट-तिप्पट पैसे पडतात. लिथियम टिकते जास्त, त्यातली एलएफपी म्हणतात त्या प्रकारची दोन-तीन हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज सहज काढते, खाली नेली तरी कुरकुर करत नाही, पाणी घालायचं झंझट नाही. पण रोज वापर असेल तर त्याचा फायदा, आठवड्यातनं एकदा लाईट जाणाऱ्या घरात ती हजार वेळा कधी व्हायची ओ?

राहिला पूर. पुरात लाईट जाते ती बिघाडानं कमी आणि मुद्दाम बंद केल्यानं जास्त, पाण्यात करंट उतरू नये म्हणून, आणि सबस्टेशनमध्येच पाणी शिरलं तर मग दिवस मोजायचे. तिथं कुठलीच बॅटरी पुरत नाही, ती भरायला पण लाईटच लागते. जनरेटर मात्र पेट्रोल असेल तोवर चालतो, छोटा दोन केव्हीएचा मशीन आणि फ्रीजला बास होतो, तासाला पाऊण ते एक लिटर पितो. पण पेट्रोल आणणार कुठनं? तेव्हा रस्ते बंद होते हे तुम्ही बघितलंय. घरात विनापरवाना ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, एक कॅन २५ लिटरच्या वरचा नको, पण म्हातारं माणूस ऑक्सिजनवर असलेल्या घरात मी तीस लिटर पेट्रोल ठेवणार नाही, खरंच नाही.

माझं ऐकाल तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटाला, म्हंजे इशारा पातळीला लागलं की सासऱ्यांना मिरजेला नाहीतर विश्रामबागेकडं पाहुण्यांकडं हलवा. ४५ ची धोका पातळी यायची वाट बघू नका. २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं होतं, तुमचा तळमजला पाण्यात आणि वरच्या मजल्यावर तुम्ही जनरेटर घेऊन, हे चित्रच नको. सिलेंडर आणि मशीन दोन्ही बरोबर न्या.

मिस्टरांना जनरेटरच घ्यायचा असेल तर एक सांगा. जनरेटर आणि साधी शिशाची बॅटरी ही जोडी जमत नाही, कारण ती बॅटरी भरायला आठ-दहा तास घेते आणि तेवढा वेळ जनरेटर हलक्या लोडवर फुकट पेट्रोल पीत बसतो. लिथियमचा डबा मात्र दीड-दोन तासात भरतो. दुपारी दोन तास जनरेटर अंगणात लावला, डबा भरून घेतला, फ्रीज गार करून घेतला, रात्री सगळं शांत. डब्याची किंमत वसूल होते ती खरं अशा वेळी, पण हे कुणी दुकानात सांगत नाही.

सर, मी शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो, वर्क फ्रॉम होम आहे. वळीव सुरू झाला की रोज संध्याकाळी लाईट जातेय. मित्राकडं जुना पेट्रोल जनरेटर आहे, तो फुकट देतोय. बाल्कनीत ठेवला तर चालेल का? नाहीतर ५०० वॅट-अवरचं पॉवर स्टेशन बघून ठेवलंय. (सातारा)

बाल्कनीत नाही. गॅलरीत नाही, जिन्याखाली नाही, शटर अर्धं उघडं ठेवून गाळ्यात पण नाही. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला ना वास ना रंग, आधी डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं पित्त झालंय आणि तो आडवा होतो, तो उठतच नाही. खिडकीतनं तुमच्याच घरात आणि वरच्यांच्या घरात जाणार तो. जनरेटर जमिनीवर, उघड्यावर, खिडक्या-दारांपासून वीसेक फूट लांब, धुराचं तोंड पलीकडं, एवढी जागा नसेल तर जनरेटर हा विषयच बंद. मित्राला म्हणावं तुझ्याकडंच ठेव.

पण पॉवर स्टेशन पण कशाला? लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, तीन-चार तास काढते. अडतंय फक्त वायफायवर. राऊटर दहा-बारा वॅटचा, त्याला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, दोन हजाराच्या आत, तळहाताएवढा. एक चार्जिंगचा बल्ब आणा. झालं. त्याआधी लाईट गेल्यावर नेट राहतंय का ते बघा मात्र, कारण बिल्डिंगमध्ये खाली फायबरवाल्याचा जो डबा असतो त्याला बॅकअप नसेल तर तुम्ही वर सोन्याची बॅटरी लावा, उपयोग शून्य.

पंखा पाहिजेच असेल तर मग ५०० चा घ्या. लॅपटॉप ६०, राऊटर १०, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३०, बल्ब ९, मिळून ११० च्या आत-बाहेर, चारेक तास जातील. जुना ७५ वॅटचा पंखा असला तर तीनच्या खाली येतील. भाड्याचं घर आहे, सोडताना डबा उचलून नेता येतो, वायरिंग नाही, घरमालकाची कटकट नाही, एवढा त्याचा मोठेपणा मी मान्य करतो. खिडकीच्या उन्हात मात्र ठेवू नका.

छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, ७८ हजार सबसिडी पण मिळाली, बिल शून्यावर आलं. पण लाईट गेली की कडक ऊन असताना सुद्धा घरात अंधार! फसवलं का आम्हाला? आणि वर आम्ही कोयनेच्या तालुक्यातले. (पाटण)

काका, फसवलं नाही, सांगितलं नाही. तुमचं ऑनग्रीड सोलर आहे, म्हंजे लाईनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं. लाईनमधली लाईट गेली की त्याचा इन्व्हर्टर मुद्दाम स्वतःला बंद करून घेतो, कारण नाही केला तर तुमची वीज खांबावर जाईल आणि तिथं वायरमन काम करत असेल. हे बंद पडणं म्हंजेच ते नीट चालू असल्याचं लक्षण. बॅकअप पाहिजे असेल तर हायब्रीड (लाईन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, ते नंतर करता येतं पण खर्च बराच. तुमच्याकडं लाईट किती वेळ जाते? तासा-दोन तासासाठी वेगळा साधा इन्व्हर्टर बसवा आणि विषय संपवा. पॉवर स्टेशन घेणार असाल तर त्याला एक वेगळं छोटं पॅनल सरळ जोडता येतं, छतावरच्या सिस्टीमला हात न लावता, फक्त डब्याची व्होल्टची मर्यादा बघून.

एक करू नका. लाईट गेल्यावर जनरेटर लावून त्या सोलरच्या इन्व्हर्टरला "लाईट आलीय" असं भासवायचा उद्योग काही जण करतात. सोलर जास्त झालं की ती वीज जनरेटरमध्ये उलटी घुसते आणि जनरेटर जातो.

कोयनेचं म्हणाल तर १९६० मेगावॅट खरं, पण ती बहुतेक तयार होते घाटाखाली पोफळीकडं आणि तिथनं ग्रीडला जाते. तुमच्या घरी येते ती गावातल्या डीपीवरनं (ट्रान्सफॉर्मरवरनं), आणि त्या तारेवर झाड पडायला किती वेळ लागतो. वर पठारावर पवनचक्क्या फिरतायत आणि खाली कंदील, हा देखावा मी पण बघितलाय.

भाऊ, दोन वर्षांपूर्वी घेतलेला जनरेटर आता चालूच होईना, दोरी ओढून खांदा निखळला. आणि चालू झाला की घरात देतो कसा तर दोन्ही बाजूला पिन असलेली वायर केलीय, एक टोक जनरेटरला, एक किचनच्या सॉकेटला, सगळं घर चालू. बरोबर आहे ना? (तासगाव)

पहिल्याचं सोपं आहे. दोन वर्षांचं पेट्रोल सडलंय. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल येतं ते बारीक भोक) चिकटून बसतो. टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटर साफ करून घ्या, ऑईल बदला. इथनं पुढं बंद करताना बटणानं करू नका, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि आपोआप विझू द्या, म्हंजे आत काही राहत नाही. महिन्यातनं एकदा पंधरा मिनिटं पंखे-बल्ब लावून चालवायचा. पेट्रोल गरम जनरेटरमध्ये ओतायचं नाही.

दुसऱ्याचं, ती वायर आज कापून टाका. हे पत्र वाचून पूर्ण व्हायच्या आधी कापली तरी चालेल. एक तर जनरेटर चालू असताना सॉकेटमधनं पिन निसटली तर उघड्या पितळेवर २३० व्होल्ट, आणि घरात पोरं असतील. त्याहून वाईट म्हंजे मेन स्विच पाडायचा एखाद्या दिवशी विसरतो माणूस. डीपी ११ हजार व्होल्टचे ४३३ करते ना, उलट्या बाजूनं दिलं की ती उलटं करते. तुमचा छोटा जनरेटर, आणि पलीकडं खांबावर हजारो व्होल्ट. आमच्या गल्लीत एका संध्याकाळी असंच झालं, बोर्डाचा माणूस (महावितरण होऊन वीस वर्षं झाली तरी आम्ही बोर्डच म्हणतो) वर चढला, लाईट बंद केलेली होती, सवयीनं टेस्टर लावला म्हणून वाचला. मग घरोघर शोधत फिरलो, कुणाच्यात जनरेटर चालू आहे म्हणून. ज्यांच्यात सापडला ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

चेंजओव्हर स्विच बसवा, दोन पोलचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. एका बाजूला बोर्डाची लाईट, एका बाजूला जनरेटर, मधे बंद, दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडनंच करून घ्या.

आणि तुम्ही पुढं लिहिलंय की यापेक्षा पॉवर स्टेशन घेऊन बोअरची मोटर चालवू का. किती एचपी ते लिहिलं नाही. घरची एक एचपीची सिंगल फेज असेल तर ती चालताना हजार-अकराशे वॅट घेते पण सुरू होताना तीन ते सहा पट ओढते, डबा तिथंच ट्रिप होतो. शेतावरची तीन फेजची असेल तर डब्याचं नाव पण काढू नका. नांगर आणि पंपांच्या किर्लोस्करवाडीच्या जिल्ह्यात बसून मी इंजिनाला नावं ठेवणार नाही, मोटर ओढायची असली तर ते त्याचंच काम. फक्त हिशोब माहीत असू दे, एक लिटर पेट्रोलमध्ये नऊएक युनिटची ताकद असते, छोटा जनरेटर त्यातली दीड-दोन युनिट वीज देतो, बाकीचा आवाज आणि उष्णता. पेट्रोल शंभराच्या वर, म्हंजे युनिट पडलं पन्नास-साठ-सत्तर रुपयाला. त्या पैशात घरचे पंखे-बल्ब चालवायचे का, ते तुम्ही ठरवा. मी तर घराला इन्व्हर्टर लावला असता आणि जनरेटर फक्त मोटरला. कार्ब्युरेटर साफ करायला मिस्त्री मिळाला नाही तर दुकानात घेऊन या, पण टाकी रिकामी करून आणा, मागच्या वेळी एकानं भरलेला आडवा टाकून आणला होता रिक्षातनं.