टाकाऊ वस्तूंपासून दागिने करायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही इंदूरचेच आहात, घरी जुनी बटणं, तुटलेल्या माळांचे मणी आणि आजीची विरलेली महेश्वरी साडी आहे म्हणता. मग पहिला दागिना साडीच्या काठाचाच करा! काठ सहसा शेवटपर्यंत टिकतो. तो कापून जुन्या बांगडीवर घट्ट गुंडाळा आणि टोक आतल्या बाजूने टाक्यांनी शिवा. नुसत्या गोंदावर ठेवलंत तर घामाने सुटतं.

मणी ओवायला पंखा-मोटर दुरुस्तीच्या दुकानात जळलेल्या वाइंडिंगची (मोटरमधल्या गुंडाळीची) तांब्याची तार मागा. लोलकासाठी ०.८ मिलिमीटरच्या आसपासची बरी, मणी गुंफायला त्याहून बारीक. तारेवर इन्सुलेशनचा थर असतो, तो सँडपेपरने खरवडा. जाळून काढू नका, तो धूर फार वाईट. काळवंडलेलं तांबं चिंचेच्या कोळाने लख्ख होतं, अगदी देवाच्या भांड्यांसारखं. मग धुऊन पूर्ण कोरडं करा. तारेचं टोक गोल वळवाच, नाहीतर मानेला टोचतं.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको: कानातले हूक. स्वस्त हुकांमध्ये निकेल असलं की अनेकांचे कान खाजतात, चिघळतात. सराफ्यात दिवसा जाऊन (रात्री तिथे खाऊगल्ली असते) ९२.५ टक्के चांदीचे हूक घ्या. वजन नगण्य, त्यामुळे परवडतात.

जुन्या सर्किट बोर्डांचे कानातले सुंदर दिसतात, पण ते घरी कापू नका. काचतंतूंची धूळ उडते आणि जोडकामाच्या जुन्या डागात (सोल्डरमध्ये) शिसं असतं. घरात लहान मूल असेल तर हे बोर्ड घरात आणूच नका.