बडोद्यात १२ हजार भाड्यात झाडं असलेला शांत एरिया कुठला? आई-बाबाही सोबत येणार आहेत

तुम्ही विचारलंय की नाशिकहून बडोद्याला येताय, नोकरी मकरपुरा जीआयडीसीत (म्हणजे औद्योगिक वसाहतीत), भाडं १२ हजारांपर्यंत, आई-बाबा सोबत, आणि झाडं असलेला शांत भाग हवा. मांजलपूर बघा, जुन्या सोसायटीत पहिला किंवा दुसरा मजला घ्या, तळमजला फुकट दिला तरी घेऊ नका. हे झालं उत्तर. पण तुम्ही "झाडं" असं स्पष्ट लिहिलंत म्हणून पुढचं लिहितेय, कारण याच एका शब्दावरून माझ्या माहेरी २०१७ पासून वाद चाललाय आणि तो अजून मिटलेला नाही.

मी दांडिया बाजारात वाढले, लकडी पुलापासून पाच मिनिटांवर आमचा वाडा होता. माणसं भरपूर, पण झाड म्हणाल तर चौकातली तुळस. झाडं बघायची तर रविवारी कमाटीबागेत जायचं (पाटीवर सयाजीबाग लिहिलंय, १८७९ ची बाग आहे, पण जुन्या बडोद्यात सगळे कमाटीबागच म्हणतात). मला तेव्हापासून वाटायचं की आपल्या दारात एक मोठं झाड असावं. लग्न होऊन सुरतला गेले, तिथे तिसऱ्या मजल्यावर रस्त्याच्या तोंडाला ११ वर्षं काढली, आणि २०१७ ला यांची बदली बडोद्याला झाली तेव्हा मी ठरवूनच आले होते. बजेट तुमच्याहून कमी, ९ हजार. समा भागात एक टेनामेन्ट मिळालं. (इथे टेनामेन्ट म्हणजे बैठं घर, पुढे अंगण, मागे वाडी, चाळ नव्हे. महाराष्ट्रातून येणारे नेहमी गोंधळतात.) अंगणात कडुनिंब होता. खोड एवढं की माझ्या दोन हातांच्या मिठीत मावायचं नाही. दुपारभर गच्चीवर सावली. मे महिन्यात इथे ४३-४४ डिग्री जातं आणि आम्ही त्या घरात सात उन्हाळे एसी न लावता काढले, एक कूलर, तोही फक्त दुपारी. चैत्रात सकाळी अंगणात बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असायचा, झाडताना हाताला तो कडवट गोड वास लागून राहायचा. पाडव्याला सोसायटीतली पाच-सहा मराठी घरं डहाळीसाठी आमच्याकडे यायची.

दादा तेव्हाच म्हणाला होता, "झाडं बघून कोणी घर घेतं का? भाड्यात पैसे घालवतेस, इकडे भायलीला बुक कर, रीसेल चांगला आहे." वाडा विकल्यावर त्याच्या वाट्याचे पैसे त्याने तिथे, भायलीच्या एका नवीन बिल्डिंगमध्ये, सातव्या मजल्यावर घातले. त्याच्या स्कीमच्या (इथे बिल्डरच्या गृहप्रकल्पाला स्कीम म्हणतात) ब्रोशरवर सगळं हिरवंगार होतं. प्रत्यक्षात हिरवळीचा एक तुकडा आणि कंपाउंडच्या कडेने कोनोकार्पसची रांग. भराभर वाढतं, वर्षभर हिरवं राहतं, म्हणून बिल्डर लोकांनी सगळीकडे तेच लावलं. त्याच्यावर पक्षी फारसे बसत नाहीत, सावली पायापुरती, मुळं पाइपांत घुसतात, परागांचा लोकांना त्रास होतो, आणि शेवटी २०२३ मध्ये गुजरात सरकारने ते लावण्यावर बंदीच घातली. नवीन स्कीममधली झाडी बघायला जाल तेव्हा आधी कुठलं झाड आहे ते बघा. कडुनिंब, शिरीष, गुलमोहर, सोनमोहर, पिंपळ असेल तर तिथे माणसं खूप वर्षं राहताहेत. एकाच उंचीची कापलेली रांग असेल तर ती फोटोसाठी आहे.

आता जे दादा ऐकवतो ते. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडला. तेव्हा पाणी आमच्या फाटकाशी आलं, अंगणातल्या पहिल्या पायरीला लागलं आणि दुसऱ्या दिवशी उतरलं. घरमालक म्हणाले, "बेन, आपणे त्यां पाणी आवतुं ज नथी." (आपल्याकडे पाणी येतच नाही.) मी विश्वास ठेवला. एवढा पाऊस पडून आत आलं नाही म्हणजे कधीच येणार नाही, असं मनात बसलं, आणि तिथेच मी चुकले. बडोद्याचा पूर फक्त गावात किती पाऊस पडला यावर ठरत नाही. विश्वामित्री पावागढाकडून येते, आजव्याचं सरोवर भरलं की तिकडचंही पाणी तिच्यातच येतं, त्यामुळे गावात ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं. नाशिककरांना गंगापूर धरणाचा विसर्ग आणि दुतोंड्या मारुती (गोदावरीतली मूर्ती, पाणी तिच्या कुठवर आलं त्यावरून पूर मोजतात) माहीत असतो, तसंच आहे हे, फक्त इथे नदी गावाच्या मधून वाकडीतिकडी जाते आणि तिच्यात मगरी आहेत.

२६ ऑगस्ट २०२४, सोमवार, जन्माष्टमी. सुंठवडा केलेला, पाळणा सजवलेला, पाऊस आदल्या दिवसापासून चालूच. नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे, ती काळाघोड्याच्या पुलाशी मोजतात, आणि त्या पुरात नदी ३५ फुटांच्या वर गेली. लाइट रात्रीच गेली होती. अडीचच्या सुमाराला मला मोरीतून आवाज आला, कोणीतरी स्ट्रॉने फुंकर मारावी तसा. टॉर्च लावून बघितलं तर जाळीतून बुडबुडे येत होते. पाणी दारातून नाही, मोरीतून येत होतं. दाराला आम्ही पोती लावून ठेवलेली, उंबऱ्याबाहेर पाणी अजून दोन बोटं खाली, आणि आतून घर भरत होतं. मी जाळीवर पाट ठेवला, पाटावर वरवंटा, तरी बाजूने काळं पाणी येतच राहिलं. मग गॅस सिलेंडर बंद केला, मुलीची दहावीची पुस्तकं आणि कागदपत्रांची पिशवी घेतली, आणि समोरच्या दुमजली घरातल्या काकींकडे वर गेलो. तिथे तीन दिवस चार कुटुंबं मिळून १७ माणसं होती. वरून खाली बघितलं तर आमच्या फाटकाचं फक्त वरचं टोक दिसत होतं.

२९ ला पाणी उतरल्यावर आत गेलो. गव्हाची कोठी उलटी होऊन स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आलेली. गोदरेजच्या कपाटाचा खालचा खण उघडेना, उघडला तेव्हा सासूबाईंची हिरवी पैठणी चिखलाची वीट होऊन बाहेर आली. दारं फुगली होती, एकही मिटत नव्हतं. भिंतीवर माझ्या कमरेला लागेल अशी सरळ काळी रेघ, सगळ्या खोल्यांतून एकाच उंचीवर, पट्टीने ओढल्यासारखी. आणि तीच रेघ कडुनिंबाच्या खोडावर. झाडाला काही झालं नव्हतं.

दादाचा फोन लागला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "सांगितलं होतं ना, झाडं बघून घर घेतलंस." मी तेव्हा काही बोलले नाही, बोलायची ताकदच नव्हती. आता बोलते. घर झाडामुळे नाही बुडालं. घर बुडालं कारण जोतं रस्त्याहून जेमतेम दीड फूट वर होतं आणि आजूबाजूचा रस्ता दर वेळी डांबर टाकून वर चढत गेला होता. त्याच घराचा वरचा मजला असता तर आमची एक चादर भिजली नसती, आणि झाड तेच राहिलं असतं. आणि भायलीला काय झालं तेही सांगते, कारण तो ते सांगत नाही. त्याच्या बिल्डिंगचं बेसमेंट भरलं, गाड्या पाण्यात, पाण्याचा पंप आणि लिफ्ट बंद. माझी आई ७६ वर्षांची, सातव्या मजल्यावर पाच दिवस अडकून होती, दादा आणि वहिनी खालून बादल्या वर चढवत होते. त्या दोघांनी आईला जपलं, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण "नवीन म्हणजे सुरक्षित" हे मला परत कोणी सांगू नये. आणि रीसेलचं म्हणाल तर तुम्ही भाड्याने घर बघताय, तुम्हाला त्याच्याशी काय करायचंय? तुम्हाला दुपारी आई-बाबांना निवांत झोप लागली पाहिजे, इतकंच बघायचंय.

त्यानंतर आम्ही दोन महिने घर शोधलं आणि या वेळी मी पाणी आधी बघितलं, झाड नंतर. सोसायटीत शिरल्यावर घराकडे न बघता कंपाउंडच्या भिंतीकडे बघायचं, रंग लावला तरी ओलीची रेघ वर्षभरात परत दिसते. लाइटचे मीटर बघायचे, पूर आलेल्या सोसायट्यांत लोकांनी ते वर सरकवून घेतलेत, छातीच्या वर मीटर दिसले की समजायचं. मालकाला आणि दलालाला विचारायचं नाही, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला, दूधवाल्याला विचारायचं, "चोवीसमां पाणी क्यां सुधी आव्युं हतुं?" (२०२४ मध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं?) तो हात करून दाखवतो, घोट्याला, गुडघ्याला की कमरेला. मी ज्या ज्या ठिकाणी विचारलं तिथे कोणी खोटं सांगितलं नाही.

मांजलपूर मी यासाठी सांगतेय की लालबाग ते मांजलपूर या पट्ट्यात जुन्या, दोन-तीन मजली, लिफ्ट नसलेल्या सोसायट्या भरपूर आहेत, लिफ्ट नाही म्हणून भाडं कमी, आणि झाडं लावून ३०-४० वर्षं झालेली आहेत. लालबागेची झाडी आहे, पलीकडे प्रतापनगरकडे प्रतापविलास पॅलेसचा परिसर आहे, तिथून संध्याकाळी पोपटांचे थवेच्या थवे येतात. तुमची जीआयडीसी तिथून टू-व्हीलरने जवळ, मराठी घरं पुष्कळ, आईला भाजीवाल्याशी मराठीत बोललं तरी चालतं. १२ हजारांत टू बीएचके मिळेल, फर्निचर नसलेला. फक्त पश्चिमेला वडसर आणि कलालीकडे सरकू नका. तिथे दलाल स्वस्त दाखवतील, हिरवंही दिसेल, नदीकाठ आहे तो, दर मोठ्या पुरात आधी तिथलीच बातमी येते. अकोट्याचा मुजमहुड्याकडचा भाग, परशुराम भठ्ठा, समा-सावली रोड, कारेलीबागेचा नदीकडचा भाग, तिथे तळमजला नकोच. अलकापुरी आणि प्रतापगंज सुंदर आहेत, युनिव्हर्सिटीची झाडी आहे, पण १२ हजारांत तिथे हवं तसं घर मिळणार नाही, वेळ घालवू नका. तरसाळी स्वस्त आहे आणि जीआयडीसीला आणखी जवळ, पण हायवेचे ट्रक रात्रभर चालू असतात, शांतता हवी म्हणालात म्हणून सांगते.

शांततेवरून आठवलं, घर बघताना आसपास पार्टी प्लॉट (लग्नकार्याला भाड्याने देतात ते मोकळं मैदान) आहे का ते बघाच. दिवसा ती रिकामी, शांत, झाडांची जागा वाटते आणि दलाल "खुल्लुं छे, हवा आवे" म्हणून तेच दाखवतात. नवरात्रीच्या नऊ रात्री सोडून द्या, त्या नऊ रात्री बडोद्यात कोणालाच शांतता नको असते, तुमचे बाबासुद्धा गरबा बघायला जातील. पण डिसेंबर ते मे लग्नांचे डीजे असतात, आणि त्यांना खिडकीशी राहणाऱ्या वयस्कर माणसांचं काही पडलेलं नसतं.

आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर दुसरा मजला सोडा, पहिला बघा, पुरापुरतं तेवढंच पुरतं. झाड गॅलरीला अगदी लागून असेल तर गच्चीवरच्या टाकीला झाकण घट्ट आहे का ते बघा, नाहीतर पानं पडून पाणी घाण होतं, आणि पावसाळ्यात डासही जास्त असतात, हे मी लपवणार नाही. जूनच्या आधी सुकलेल्या फांद्या छाटून घ्यायला सोसायटीला सांगावं लागतं, तेही पूर्ण झाड बोडकं न करता, समोर उभं राहून.

आणि एक, जे महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोणी आधी सांगत नाही. मालक पहिल्याच भेटीत विचारतील, "वेज के नॉनवेज?" जे आहे ते सरळ सांगा. खोटं सांगून घेतलेलं घर दोन महिन्यांत सोडावं लागतं आणि दलाली परत मिळत नाही. मासे-मटण करणारी मराठी माणसं मांजलपुरात राहतात, तसे मालकही मिळतात, आम्हाला सहावा मिळाला.

बघायला दुपारी दोन ते चारमध्ये या, एप्रिल-मे मध्ये जमलं तर फारच चांगलं, आणि घरात शिरल्यावर पंखा बंद करून पाच मिनिटं बसा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावा, भिंत तापलेली असेल तर बाहेर कितीही झाडं दिसोत, सावली त्या घरावर पडत नाही. ११ महिन्यांच्या करारात पाण्याच्या मोटरीचं बिल कोण भरणार ते लिहून घ्या, इथे त्याच्यावरून भांडणं होतात.