सेल्फ क्लीन चालू असताना लाईट गेली, आता ओव्हनचं दार लॉकच आहे. बोर्ड बदलावा लागेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बिल्ट-इन ओव्हनला सेल्फ क्लीन (आतली घाण प्रचंड उष्णतेनं जाळून टाकणारी सफाई) लावलं होतं, मध्येच लाईट गेली, आणि आली तेव्हापासून कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय, दार हलत नाही. मेकॅनिकने फोनवरच "बोर्ड गेला", म्हणजे ओव्हन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट बिघडलं, असं सांगितलं. मी नाशिकलाच सिडकोत ओव्हन आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं काम करतो. ओव्हन न बघता बोर्डाचा भाव सांगणाऱ्याला लगेच हो म्हणू नका. कुलूप स्वतःच्या मर्जीनं बंद राहत नाही, बोर्ड सांगतो म्हणून राहतं. आणि बोर्डाला तसं सांगायला कोण लावतंय, हे आधी शोधायचं.

सगळ्यात आधी: सुरी, स्क्रूड्रायव्हर, पट्टी, काहीही फटीत घालून दार उपटू नका. दाराची काच टफन्ड असते. मधोमध ठोसा सोसेल, पण कडेला टोचलं तर एका क्षणात चुरा होतो.

सेल्फ क्लीनमध्ये आतलं तापमान ४८० ते ५०० अंशांपर्यंत जातं. तेवढ्यात कुणी दार उघडू नये म्हणून लॉक असतं, आणि आतली उष्णता साधारण ३०० अंशांच्या खाली आल्याशिवाय ते सुटत नाही. लाईट गेली की कूलिंग फॅनही थांबतो, त्यामुळे ओव्हन नेहमीपेक्षा सावकाश निवतो. तुमचा प्रश्न कालचा आहे, म्हणजे तो एव्हाना गार झालेला असणार. तरी काचेला हात लावून खात्री करा.

आता एमसीबी पाडा, पाच-दहा मिनिटं थांबा, परत चालू करा आणि स्वयंपाकघरातले पंखे-मिक्सर बंद ठेवून कान द्या. लॉकमध्ये छोटी मोटर असते. ती एक चकती फिरवते, चकती हूक ओढते आणि मायक्रोस्विच दाबते. त्या स्विचवरूनच बोर्डाला कळतं की दार लागलं की सुटलं. लाईट नेमकी मोटर फिरत असताना गेली असेल तर चकती अर्धवट अडकते, आणि बोर्डाला ना लॉक दिसत ना अनलॉक. अशा वेळी सेल्फ क्लीन पुन्हा सुरू करायचं, लॉक पूर्ण लागल्याचा आवाज आला की मिनिटभरात रद्द करायचं. मोटर पूर्ण फेरा मारते आणि बऱ्याचदा दार सुटतं. लाईट गेल्यावर अडकलेल्या कुलपाला मी पहिला हाच उपाय करतो.

दार नाही सुटलं, तर आवाजावरून अंदाज येतो. घर्रर्र करत मोटर फिरतच राहिली तर स्विच दाबला जात नाहीये, किंवा स्विचच मेलाय. काहीच आवाज नाही तर मोटर किंवा तिच्यापर्यंतची वायर. आणि मोटर फिरायचा प्रयत्नच करत नाही, शिवाय स्क्रीनवर एफ अक्षराचा बिघाडाचा कोड येतोय, तर माझा पहिला संशय तापमानाच्या सेन्सरवर जातो.

सेन्सर म्हणजे ओव्हनच्या आत, मागच्या भिंतीतून डोकावणारी पेन्सिलीहून बारीक कांडी. बऱ्याच ओव्हनमध्ये ती प्लॅटिनमची असते. थंड असताना एका जातीची साधारण ११०० ओहम दाखवते, दुसऱ्या जातीची साडेपाचशेच्या आसपास. ११०० वालीचा रोध (विजेला होणारा अडथळा, तोच ओहममध्ये मोजतात) दर अंशामागे जेमतेम ४ ओहम वाढतो. आता बघा, ओव्हनच्या मागच्या बाजूला उष्णतेनं सेन्सरचा कनेक्टर काळवंडला, पिन सैल झाली, की रोध फुकटचा वाढतो आणि बोर्ड समजतो ओव्हन अजून तापलेलाच आहे. वायर तुटलीच तर तापमान कळतच नाही, मग तो कुलूप सोडायची जोखीम घेत नाही. म्हणजे ओव्हन गार आहे आणि बोर्ड मात्र सांगतो गरम आहे! कनेक्टर घासून, पिन आवळून किंवा सेन्सर बदलून काम झालं, तर बोर्डाला हात लावायची गरज नाही.

हे मोजायला ओव्हन कपाटातून बाहेर काढावा लागतो. बाजूच्या पट्टीतले दोन-चार स्क्रू काढले की तो सरकतो, पण वजन तीस-चाळीस किलो असतं, दोघं लागतात. प्लग काढा. नुसतं स्विच बंद करणं पुरेसं नाही. रोध मोजायचा मल्टीमीटर एम. जी. रोडवर सहज मिळतो. पण मागचं पत्र्याचं झाकण उघडण्याआधी वॉरंटी चालू आहे का बघा. ती असेल तर कंपनीचाच माणूस बोलवा, पण "सेन्सर आणि लॉकचा स्विच मोजून दाखवा" म्हणून सांगा. मोजून दाखवायला जो कुरकुर करतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

ओव्हन बाहेर आलाच आहे तर मागची फळी पण बघून घ्या. मॉड्युलर किचन करणारे मिस्त्री कपाट छान बंदिस्त करतात, वारा खेळायला जागाच ठेवत नाहीत. सेल्फ क्लीनची उष्णता मग त्याच कोंडीत वायरी भाजत राहते. ओव्हनच्या पुस्तकात किती मोकळी जागा हवी ते दिलेलं असतं, तेवढी फळी कापून घ्या. पुढचं दिवाळीच्या साफसफाईचं सेल्फ क्लीन त्यानंतरच लावा, आणि ज्या दिवशी लाईट जाणार असल्याचा मेसेज असेल त्या दिवशी तर नकोच. इन्व्हर्टरवर ओव्हन चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक, सोपं म्हणून राहून जातं: कुलपाचं चिन्ह नेहमी दाराचंच असेल असं नाही. पॅनलचं चाइल्ड लॉक असेल तर तेच चिन्ह दिसतं. कुलपाच्या बटणावर तीन-चार सेकंद बोट दाबून बघा.

स्पेअर मागवायची वेळ आलीच, तर पूर्ण मॉडेल नंबर लागेल. तो स्टिकर बऱ्याचदा दाराच्या आतल्या चौकटीवर असतो, म्हणजे आत्ता तुमच्यासाठी तो कुलपाआडच आहे. बिल किंवा वॉरंटी कार्ड शोधून ठेवा, नंबर त्यावर मिळेल.