प्रोटेस्ट साँग म्हणजे निषेधगीत का?

प्रश्न असा आलाय. साठच्या दशकातल्या अमेरिकन गाण्यांवर एक छोटा कार्यक्रम बसवतोय, निवेदन मराठीत आहे आणि त्यात एक वाक्य आहे: "साठीच्या दशकात बंडखोर तरुणाईने निषेधगीतांच्या माध्यमातून प्रस्थापित व्यवस्थेचा निषेध नोंदवला." मोठ्याने वाचताना काहीतरी खटकतं, तर प्रोटेस्ट साँगला निषेधगीत म्हणणं बरोबर आहे का, की विद्रोही गीत म्हणावं?

खटकतंय ते बरोबरच खटकतंय. पण निषेधगीतच्या आधी तो 'साठीच्या' काढा हो. साठी आपल्याकडे माणसाला लागते, दशकाला नाही, आणि साठी म्हटलं की पुढचं बुद्धी नाठी आपोआप येतं. आणि कुणाच्या बाबतीत लिहिताय तर त्या पोरांच्या, जी 1964 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात म्हणत होती की तिशीच्या वरच्या कुणावर विश्वास ठेवू नका! 'साठचं दशक' म्हणा किंवा सरळ 'सिक्स्टीज'. 'साठोत्तरी' मात्र वापरू नका, तो आपल्या साहित्यातला शब्द आहे आणि त्याची गंमत अशी की तो 1960 नंतर सुरू होतो पण कुठे संपतो ते शब्दात सांगितलेलंच नाही.

आता निषेध. मूळ संस्कृतात निषेध म्हणजे मनाई, विधि-निषेध या जोडीतला निषेध, हे करावं आणि हे करू नये यातलं 'करू नये'. त्याच घरातला 'निषिद्ध' आजही जुना अर्थ धरून बसलाय. निषेध मात्र पुढे सभा, ठराव आणि वर्तमानपत्रांच्या हाती गेला आणि त्याचा अर्थ झाला 'आम्हाला हे मान्य नाही असं जाहीर सांगणं'. त्यामुळे त्याला एक कागदी वास आहे. निषेधाचा ठराव असतो, काळ्या फिती असतात, निषेध तीव्र शब्दांत असतो, आणि तो 'नोंदवला' जातो म्हणजे कुठेतरी आवक-जावक रजिस्टर असल्यासारखं. शिवाय तो एका घटनेचा असतो, सकाळी केला की संध्याकाळी संपला. चार महिने तुरुंगात बसून कुणी निषेध करत नाही, त्याला आपण लढा म्हणतो, आंदोलन म्हणतो, सत्याग्रह म्हणतो.

इंग्रजीतल्या प्रोटेस्टचं कूळ वेगळं. लॅटिनमध्ये 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार, त्यातून चारचौघांत साक्ष देणं, उघडपणे सांगणं अशा अर्थाचा हा शब्द आला, कोर्टातली टेस्टिमनी त्याचीच चुलत बहीण. म्हणजे विरोध हा अर्थ नंतर चढला, आधी होतं ते 'मी पाहिलंय आणि मी सांगतोय'. हे लक्षात ठेवलं की त्या दशकातली बरीच गाणी नीट कळतात कारण त्यात घोषणा कमी आणि सांगणं जास्त आहे.

बरं, गाणाऱ्यांना तरी हा शब्द आवडत होता का? बॉब डिलनने 1962 साली न्यूयॉर्कमधल्या एका क्लबात 'ब्लोइंग इन द विंड' अगदी नवं असताना म्हटलं तेव्हा आधीच सांगून टाकलं होतं की हे काही प्रोटेस्ट साँग नाही, मी तसली गाणी लिहीत नाही. आणि पुढच्याच वर्षी, 28 ऑगस्ट 1963 ला, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी वॉशिंग्टनला निघालेल्या त्या प्रचंड मोर्चात पीटर, पॉल अँड मेरी या तिघांनी तेच गाणं म्हटलं आणि ते कायमचं प्रोटेस्ट साँग झालं. म्हणजे लेबल लावलं ते ऐकणाऱ्यांनी. त्याच काळातला गायक फिल ऑक्स वगैरे मंडळी आपल्या गाण्यांना टॉपिकल साँग म्हणायची, बातमीवरचं गाणं. न्यूयॉर्क टाइम्सचं जे ब्रीद आहे, छापण्याजोग्या सगळ्या बातम्या, त्याची टर उडवून ऑक्सने 1964 च्या आपल्या पहिल्या अल्बमला नाव दिलं होतं 'गाण्याजोग्या सगळ्या बातम्या'. याला कोशातून बघून 'प्रासंगिक गीत' करू नका, प्रासंगिक म्हटलं की मुंजीतली मंगलाष्टकं आठवतात. घडलेली गोष्ट गावोगाव गाऊन सांगणं हे काम आपल्याकडे पोवाड्याने आणि शाहिरांनी केलंय, तेव्हा निवेदनात 'ऑक्स हा त्यांचा शाहीर' असं एक वाक्य टाकलंत तर प्रेक्षक लगेच ओळखतील.

आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीत जी गाणी होती त्यांना ते लोक स्वतः म्हणायचे फ्रीडम साँग. प्रोटेस्ट नाही, फ्रीडम. आता याचं 'स्वातंत्र्यगीत' केलं की संपलं, पंधरा ऑगस्ट, झेंडावंदन आणि साखरफुटाणे. 'मुक्तीची गाणी' चालेल असं मला वाटतं. मुक्तीला पूर्वी मोक्षाचा वास होता पण स्त्रीमुक्ती या शब्दाने तो बराचसा घालवलाय.

विद्रोही म्हणावं का याचं उत्तर, सगळ्यांना नको. विद्रोह हा शब्द मराठीत पत्ता घेऊन येतो. दलित साहित्य, राजा ढाले, नामदेव ढसाळ, बाबुराव बागूल, 1999 ला धारावीत झालेलं पहिलं विद्रोही साहित्य संमेलन, हा सगळा गोतावळा त्या शब्दाच्या मागे उभा असतो, आणि त्याचा रोख जातीवर असतो. कॉलेजच्या हिरवळीवर गिटार घेऊन बसलेल्या सुखवस्तू घरातल्या पोराला, त्याचं गाणं कितीही चांगलं असो, विद्रोही म्हटलं की तो शब्द पातळ होतो (हे माझं मत, भांडायला हरकत नाही). बंडखोरचं तर विचारूच नका, तिकीट कापलं म्हणून अपक्ष अर्ज भरणाऱ्यांनी तो पार वापरून टाकलाय.

पण कृष्णवर्णीय गायिका नीना सिमोनला विद्रोही म्हणायला माझी अजिबात हरकत नाही. 1963 च्या जूनमध्ये मिसिसिपीत चळवळीतले कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांचा खून झाला, सप्टेंबरात अलाबामातल्या बर्मिंगहॅमला कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या, त्या संतापात तिने 'मिसिसिपी गॉडॅम' लिहिलं. चाल एकदम ठेक्याची, नाटकातल्या गाण्यासारखी, आणि मंचावर ती सांगते पण तसंच, की हे नाटकातलं गाणं आहे, फक्त नाटक अजून लिहायचंय! दक्षिणेतल्या काही ठिकाणी रेडिओवर ते लावलं नाही, कारण शिवी आहे म्हणे. एका विक्रेत्याने तर खोकंभर रेकॉर्डी प्रत्येकी दोन तुकडे करून परत पाठवल्या होत्या. म्हणजे निषेधाचं गाणं आणि निषिद्ध गाणं, दोन्ही अर्थ एकाच तबकडीवर. त्या 'गॉडॅम'चं मराठी करायच्या फंदात पडू नका, आपल्याकडे देवाला मधे घेऊन द्यायची शिवी तितक्या सहज मिळत नाही, 'च्यायला'ने वजन येत नाही आणि 'सत्यानाश होवो'ने आजीबाई दिसतात.

जे भाषांतरित होत नाही ते तसंच घेण्यात कमीपणा नाही, हे तर त्याच काळाने आपल्याला शिकवलंय. कॅलिफोर्नियात ओकलंडला 1966 साली कृष्णवर्णीयांचा ब्लॅक पँथर पक्ष निघाला, त्यावरून 1972 ला मुंबईत दलित पँथर. कुणी दलित चित्ता केलं नाही, दलित बिबट्या तर नाहीच. पँथर म्हटल्यावर जो माणूस डोळ्यांसमोर येतो तो चित्ता म्हटल्यावर येत नाही, आणि आता तर गावातल्या म्हाताऱ्याही 'आमचा थोरला पँथरमध्ये होता' असं सरळ म्हणतात, म्हणजे शब्द मराठी झाला.

पुढचा अडथळा 'गीत'चा. गीत म्हटलं की शब्द आलेच. मग वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाचं काय करणार? ऑगस्ट 1969, तीन दिवसांचा जलसा लांबून सोमवार उजाडलेला, लाखोंची गर्दी पांगून थोडे लोक उरलेले, आणि जिमी हेंड्रिक्स गिटारवर अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवतो. एक शब्द नाही. मधेच सूर मोडतो, किंचाळतो, विमान खाली येतंय, काहीतरी फुटतंय, सायरन वाजतोय असं वाटतं, आणि पुन्हा ती ओळखीची चाल वर येते. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, ऐकणाऱ्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. नंतर टीव्हीवर त्याला विचारलं की हे जरा पठडीबाहेरचं नव्हतं का, तर म्हणाला मला ते सुंदर वाटलं. हे निषेधगीत आहे का? निषेध आहे की नाही यावर वाद होईल, गीत तर नाहीच.

मग म्हणायचं काय? माझं उत्तर अगदी साधं आहे: चळवळीची गाणी. हा शब्द कुणी घडवलेला नाही, लोकांच्या तोंडात आहे. आपल्याकडे सत्यशोधक जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांचं लाल बावटा कलापथक झालं, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी 'माझी मैना'ने मैदानं भरवली, आणि या कशालाच कुणी निषेधगीत म्हटलं नाही. 'जग बदल घालुनी घाव' यात निषेध कुठे नोंदवलाय? तिथे कामच सांगितलंय. समरगीत, स्फूर्तिगीत हेही शब्द आहेत पण ते आकाशवाणीचे. चळवळीचं गाणं म्हटलं की ते कुणीतरी एकट्याने लिहिलेलं आणि अनेकांनी वापरून गुळगुळीत केलेलं असतं, हे आपोआप कळतं.

यावर एक नमुना दाखवतो, कारण तुमच्या यादीत ते गाणं असणारच. 'वी शॅल ओव्हरकम'. आम्ही शाळेत 'हम होंगे कामयाब' म्हणायचो, गिरिजाकुमार माथुरांचं हिंदी रूप, आणि मला कित्येक वर्षं ते परीक्षेचं गाणं वाटायचं, कामयाब म्हणजे पास. ओव्हरकम म्हणजे मात करणं, पण आपली मात कशावर तरी करावी लागते, तो 'वर' मागतेच. इंग्रजी गाण्यात कशावर ते सांगितलेलंच नाही, त्यामुळे ज्याची जी अडचण त्याने ती मनात घालावी.

आणि खरी मजा 'वी'ची आहे. जुन्या चर्चगीतांत होतं 'आय', मी एकटा, माझा आत्मा. 1945-46 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला सिगार कारखान्यात कित्येक महिने संप चालला, त्यात बहुतेक कृष्णवर्णीय बायका, त्या गेटवर उभ्या राहून गायच्या आणि तिथे 'मी'चं 'आम्ही' झालं. तिथून ते टेनेसीच्या हायलँडर शाळेत गेलं, ही चळवळीतल्या कार्यकर्त्यांना शिकवणारी शाळा, आणि तिथे गाणी शिकवणाऱ्या झिल्फिया हॉर्टन यांच्याकडून लोकगायक पीट सीगरने उचललं. आधी 'विल' होतं त्याचं 'शॅल' झालं, सीगर म्हणायचा ते एकतर मी केलं नाहीतर त्याच शाळेतल्या सेप्टिमा क्लार्क यांनी, आणि कारण काय तर शॅल म्हणताना तोंड जास्त उघडतं! आपल्याकडे हा फरक एका 'च'वर भागतो, करू आणि करूच. 1959 साली त्या शाळेवर रात्री पोलिसांची धाड पडली, दिवे गेलेले, अंधारात बसलेल्या पोरांमधून एका चौदा वर्षांच्या मुलीने 'आम्ही घाबरत नाही' ही ओळ जोडली, ती कायमची राहिली. 1960 च्या एप्रिलमध्ये हायलँडरच्याच गाय कॅरावान या गायकाने ते विद्यार्थी कार्यकर्त्यांना शिकवलं आणि मग ते सगळीकडे झालं.

आता 15 मार्च 1965. अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी झोडपल्याला आठवडा झालाय, अध्यक्ष जॉन्सन संसदेत मतदानाच्या हक्कावर बोलतात, म्हणतात की हा फक्त कृष्णवर्णीयांचा प्रश्न नाही, आपल्या सगळ्यांना या अन्यायाच्या वारशावर मात करायची आहे, आणि लगेच तेच तीन शब्द उच्चारतात, 'वी शॅल ओव्हरकम'. इंग्रजीत वी ते वीच. मराठीत मात्र इथे निवड करावीच लागते, सुटका नाही. गेटवरच्या बायकांचं वी म्हणजे 'आम्ही', त्यात मालक नाही. जॉन्सनचं वी म्हणजे 'आपण', त्यात समोर बसलेले दक्षिणेतले खासदारही आले, ज्यांना ते मुळीच नको होतं. तेच गाणं, तेच शब्द, वीस वर्षांत आम्हीचं आपण झालं. ही गोष्ट इंग्रजी माणसाला परिच्छेदभर समजावून सांगावी लागते, आपल्याला सर्वनामच सांगतं.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं करीन: "साठच्या दशकात अमेरिकेतली तरुण पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा त्यांच्या तोंडी चळवळीची गाणी होती, काही जुनी, काही कालच लिहिलेली." माध्यमातून काढा, प्रस्थापित व्यवस्था काढा, नोंदवला तर काढाच. व्हिएतनामवरच्या गाण्यांना सरळ 'युद्धाविरुद्धची गाणी' म्हणा. एखाद्या ठिकाणी प्रोटेस्ट साँग हाच शब्द ठेवलात तरी चालेल, डिलनचा किस्सा सांगायला तो लागेलच. आणि शेवटी सगळ्या सभागृहाला उभं करून ते गाणं म्हणायला लावणार असाल तर 'आपण' म्हणा, पण त्याआधी चार्ल्स्टनची गोष्ट सांगताना 'आम्ही'च ठेवा.