वाचकांचे प्रश्न : क्रोकसची फुलं असलेल्या भांड्याचा सुटता रंग

प्रश्न : घरात इंग्लंडहून आलेला मातीचा एक जग (तोटीचं, मुठीचं भांडं) आहे. बुडाला ‘बिझार बाय क्लॅरिस क्लिफ’ असा छाप, अंगावर केशरी, निळी, जांभळी क्रोकसची फुलं. केशरी रंगाचे पोपडे निघतायत. पुन्हा भाजून घ्यावा का? चित्र क्लिफ यांनीच काढलंय का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : भाजू मुळीच नका. हा रंग झिलईखाली (झिलई म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर) नसून झिलईवर आहे. रंगद्रव्य आणि शिशाची काच एकत्र वाटून, टर्पेंटाइन आणि फॅट ऑइलमध्ये (मुरून दाट झालेलं टर्पेंटाइन) कालवून तो कुंचल्याने लावत आणि साधारण 750 अंश सेल्सिअसला भाजत. थर जाड पडला, की थंड होताना तो आणि खालची झिलई सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. ताण राहतो आणि कड सुटते. त्यातच जुन्या मातीत केसासारख्या तड्यांतून ओल मुरलेली असते. पुन्हा तापवल्यावर तिची वाफ झिलई फोडून बाहेर येते आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. ते बुजत नाहीत.

जग कोमट पाण्याच्या ओल्या मऊ फडक्याने पुसा. भिजत ठेवू नका, ब्लीच लावू नका. सुटलेली कड नखाने उचलायचा मोह आवरा.

आता चित्राचं. छाप इंग्लंडच्या मातीच्या भांड्यांच्या नक्षीकार क्लॅरिस क्लिफ यांच्या नावाचा, पण हात तिथल्या बर्स्लेम गावच्या कारखान्यातल्या मुलींचा. ‘बिझार’ या त्यांच्या भांड्यांच्या मालिकेची पहिली रंगकर्ती ग्लॅडिस स्कार्लेट, 1927 ची. 1928 च्या क्रोकस नक्षीवर सुरुवातीला एथेल बॅरो काम करत. इतर बऱ्याच नक्षींत एकजण बाह्यरेषा काढी, दुसरी रंग भरी, तिसरी चाकावर भांडं फिरवून पट्टे ओढी. क्रोकसला मात्र बाह्यरेषाच नाही. एका फटकाऱ्यात एक पाकळी, मग भांडं उलटं धरून पानांच्या बारीक रेघा. तुमच्या जगाच्या पाकळीत रंग एका टोकाला दाट आणि दुसरीकडे विरळ दिसेल. तिथे कुंचला टेकला आणि उचलला गेला. वर पिवळा पट्टा म्हणजे ऊन, खाली तपकिरी म्हणजे माती. या मुलींची नावं बुडावर सहसा नसतात, ही खंत आहे.

प्रश्न : भांडी झिलईवर रंगवते, पण भट्टीतून रंगाला फोड आलेली निघतात. – एक वाचक, सांगली

उत्तर : फॅट ऑइल जास्त होतंय. थेंबभरच घ्या, थर पातळ ठेवा, पूर्ण सुकू द्या आणि तेल जळून जाईपर्यंत, म्हणजे 450 अंशांपर्यंत, भट्टीचं झाकण किंचित उघडं ठेवून सावकाश तापवा.