हापसा बसला, पुढे काय?

प्रश्न : माझा मुलगा लंडनला नोकरीला आहे. आफ्रिकेतल्या खेड्यांत हातपंप बसवणाऱ्या एका संस्थेला तो दरमहा पगारातून पैसे देतो. आमचे हे म्हणतात, तिकडचे मंत्रीच ते खातात, गावाला थेंबही मिळत नाही. तुम्ही तिकडे काम केलं आहे. खरं काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, मंत्र्यांपेक्षा मला पंपातल्या वॉशरची काळजी जास्त वाटते. जिल्हा परिषदेच्या हातपंप दुरुस्ती पथकात माझी नोकरी झाली. नंतर काही वर्षं युगांडात पंप दुरुस्त करणारी पोरं तयार केली. तिथे गावोगाव जो पंप दिसतो तो आपलाच हापसा, 'इंडिया मार्क टू'. ते त्याला 'यू-टू' म्हणतात.

हा पंप परदेशी मदतीतूनच घडला, हे तुमच्या यजमानांना जरूर सांगा. दुष्काळात आपल्याकडे बोअर मारले गेले आणि त्यांवर बिडाचे पंप बसले. एका घराच्या परसात चालतील असे ते पंप, त्यांवर अख्खं गाव तुटून पडायचं. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली, तेव्हा जवळपास तीन-चतुर्थांश पंप बंद निघाले. जालना-सोलापूरकडे मिशनच्या माणसांनी तोवर मजबूत पोलादी पंप बनवून वापरात आणले होते. सोलापूरच्या पंपावरून युनिसेफ, सरकार आणि आपले इंजिनिअर यांनी मिळून मार्क टू तयार केला. पेटंट नाही, साध्या वर्कशॉपात बनतो. पुढे देशात असे लाखो पंप लागले.

याच्या उलट गोष्ट दक्षिण आफ्रिकेतल्या 'प्लेपंप'ची. मुलांनी चक्रावर बसून गोल गोल फिरायचं आणि पाणी टाकीत चढायचं. २००६ साली अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले, २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे ठरले. एकाची किंमत सुमारे १४,००० डॉलर, म्हणजे साध्या हापशाच्या चौपट. ब्रिटनच्या 'गार्डियन'ने हिशेब मांडला : ठरवलेल्या माणसांना पाणी पुरवायचं तर पोरांनी दिवसाचे २७ तास खेळायला हवं! मोझांबिकमध्ये शेवटी बायकाच ते चक्र वाकून वाकून फिरवत होत्या. यात कोणा मंत्र्याने पैसे खाल्ले नव्हते. पाणी भरणाऱ्या बाईला आधी कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

साधा हापसाही बंद पडतोच. खाली बोअरमध्ये सिलिंडर असतो, त्यातल्या दट्ट्याला बसवलेला वॉशर झिजतो. मार्क टूचा वॉशर बदलायचा तर खालचे सगळे लोखंडी पाईप उपसून काढावे लागतात. ते दोघा-तिघांचं आणि पान्यांच्या पेटीचं काम. (नंतरच्या सुधारित मार्क थ्रीमध्ये पाईप न काढता दट्ट्या वर येतो.) पाणी आम्लधर्मी असेल तर पाईपावरचा जस्ताचा मुलामा टिकत नाही. मग पाणी लालसर येतं, त्यात शिजवलेलं अन्न बेचव लागतं, आणि पंप चालू असूनही बायका पुन्हा ओढ्यावर जातात. २००९ च्या सुमारास सहाराच्या दक्षिणेकडे दर तीन हातपंपांतला एक बंद असल्याचा अंदाज होता. नव्या पंपावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. वॉशरवर कोणाचं नाव घालणार? म्हणून त्याला पैसे मिळत नाहीत.

आता मुलाचं. पैसे लगेच बंद करायला सांगू नका, आधी संस्थेला पत्र लिहायला सांगा. तीन-चार वर्षांपूर्वी बसवलेल्या पंपांपैकी आज किती चालू आहेत? दुरुस्तीला कोण येतं, आणि त्याची मजुरी कोण देतं? सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतात का? उत्तरात नुसते उद्घाटनाचे फोटो आले, तर देणगी दुसरीकडे वळवावी. आकडे आले आणि त्यात बंद पडलेल्या पंपांचीही नोंद असली, तर यजमान काहीही म्हणोत, पैसे चालू ठेवावेत. जमलं तर ते दुरुस्तीच्या खात्यात टाका, असं त्याने संस्थेला कळवावं.